वेदिकाची शिफारस

८ ऑक्टोबर

वेदिकासुद्धा अर्ज करतेय!

आज लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटा धुता धुता म्हणाली, "मीपण टाकून बघते गो अमेरिकेत पीएचडीला. काय जातं?" काय जातं! दोन वर्षं मी एकेक विद्यापीठ धुंडाळलं. कुठे जंतूंवर काम चालतं, कुठे परदेशी मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, कुठे विनंती केली तर अर्जाची फी माफ होते. आणि हे सगळं मीच तिला डबा खाताना सांगत बसले. आता त्याच वाटेने बाईसाहेब निघाल्या.

मी काय म्हणाले? "अगं, टाक की!" वर हसलेसुद्धा.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज वेदिका पावसला, आमच्या गावी, जेवायला. दर रविवारी असते. तिचं घर लांब केळशीला, ती रत्नागिरीत खोली घेऊन राहते, म्हणून आईला तिची दया. सुरमईचा मधला तुकडा तिच्या ताटात. मला शेपटीकडचा. आईला विचारलं तर म्हणते, "तू काय, घरचीच हायस."

बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून आम्ही एका बाकावर. मार्क नेहमी मला जास्त. थोडेच, पण जास्त. माझं अक्षर चांगलं, वह्या चांगल्या, मी कधी कुणाला उलटून बोलले नाही. तरी कॉलेजात कुणालाही विचारा, नाव आठवतं ते तिचं. मला "वेदिकाची मैत्रीण" म्हणतात. "ती दुसरी, शांत असते ती." 

हे इथे लिहिलं ते बरं. तोंडाने बोलले तर मीच वाईट दिसेन.

२ नोव्हेंबर

अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात. दोन ठरलेली आहेत. प्राचार्य आणि विभागातल्या मॅडम वर्षानुवर्षं तेच पत्र नाव बदलून देतात. खरं महत्त्वाचं ते मयेकर सरांचं, कारण काम आम्ही त्यांच्या हाताखाली केलं. कोळ्यांच्या हातावरच्या जखमा, त्यातले जंतू, आणि त्यांच्यावर कुठली औषधं चालत नाहीत ते.

सगळीकडची रीत अशी की सर म्हणतात, तूच लिहून आण, मी बघतो. मी तयारच होते. मनात पहिलं वाक्यसुद्धा झालेलं. आणि सरांनी काय काढावं! म्हणाले, स्वतःचं लिहायला सांगितलं की पोरं स्वतःची आरती लिहून आणतात. यंदा वेदिकाचं पत्र तू लिही, तुझं ती लिहील. एकमेकींना दाखवायचं नाही. मी वाचीन, पटलं तर माझ्या सहीने पाठवीन.

वेदिका खूश! टाळी द्यायला हात पुढे केला. मी दिली.

५ नोव्हेंबर

लिहायला बसले. उठले. भात लावला. परत बसले.

तिच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे माझ्याच हाताने तिला माझ्या पुढे उभं करायचं. जागा किती असतात? एकेका विद्यापीठात जगभरातून दहा-बारा. त्यात रत्नागिरीच्या एकाच कॉलेजातल्या, एकाच सरांच्या, एकाच विषयावरच्या दोन मुली कोण घेणार? एक घेतील. फार तर.

हे तिच्या डोक्यात आलं असेल का? ती काय लिहीत असेल माझं?

९ नोव्हेंबर

लिहिलं. एका बैठकीत!

खोटं काही लिहायचं नाही, एवढं ठरवलं होतं. गरजच पडली नाही. सगळं बाहेर आलं. लिहिलं की ही मुलगी वाद घालते. भर सेमिनारमध्ये सरांना म्हणाली होती की तुमचा आलेख चुकलाय, आणि सर आकडे पुन्हा मोजेपर्यंत खाली बसली नाही. (आलेख चुकला होता. तेही लिहावं लागलं, नाहीतर वाक्य पुरं होईना.) लिहिलं की ती हट्टी आहे. गेल्या पावसाळ्यात रात्रभर लाईट गेली, इन्क्युबेटर थंड पडला. सकाळी सगळे म्हणाले, एवढ्याने काही बिघडत नाही. हिने स्वतःच्या सगळ्या प्लेटा टाकल्या आणि शेजारणीच्याही टाकायला लावल्या. शेजारीण म्हणजे मी! महिन्याची मेहनत. मी रडले होते तेव्हा. तेही लिहिलं — "सहकाऱ्यांच्या भावनांची तिला पर्वा नसते."

लिहिलं की ती लॅबमध्ये सापडत नाही. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे कापणाऱ्या हौसाबाईंच्या बोटाला जखम होती. मी पाच मिनिटांत स्वॅब घेऊन परतले. ही तिथेच फतकल मारून बसली, संध्याकाळपर्यंत. काटा कुठल्या माशाचा? शिंगाळ्याचा की दुसरा? जखमेवर काय बांधलंत? आली ती कपड्यांना वास घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी सरांना म्हणाली, आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. आणि हेही लिहिलं, की चूक झाली की ती झाकत नाही, गावभर सांगत सुटते, त्यामुळे विभागाची शोभा होते.

शेवटी वाचून पाहिलं. गार वाटलं. असल्या भांडखोर मुलीला कोण बोलावतंय!

१२ नोव्हेंबर

सरांनी माझ्यासमोर वाचलं. आता म्हणतील, मनस्वी, हे काय लिहिलंस?

सर दोनदा हसले. एकदा चष्मा काढला. म्हणाले, "हे सगळं खरंय." एक स्वल्पविराम बदलला आणि ठेवून घेतलं.

माझं पत्र वेदिकाने आधीच दिलंय म्हणे. ते कसं आहे विचारलं. सर म्हणाले, चांगलं आहे, छान आहे. पण हसल्याचं काही बोलले नाहीत.

१ डिसेंबर

सगळे अर्ज गेले. माझे सहा, तिचे सहा. तेच सहा.

२० डिसेंबर

आई गावदेवीकडे जाऊन कौल लावून आली. गुरवाने देवीला फुलाची पाकळी लावली, माझं गाऱ्हाणं घातलं — ह्या लेकराचं परदेशातलं काम होऊ दे — आणि पाकळी उजवीकडून पडली. होणार! आईच्या डोळ्यांत पाणी. बाबांना बोटीवर फोन लावून सांगितलं, ते आखातात कुठेतरी आहेत, आवाज तुटत होता, पण "उजवा का? उजवा?" एवढं दोनदा ऐकू आलं.

मग आई म्हणाली, वेदिकाचाही लावला. तोही उजवा.

तिचा कशाला लावायचा? तिला आई नाही का केळशीला?

१४ जानेवारी

संक्रांत. वेदिका तिळगूळ घेऊन आली आणि दारातच, चपला काढायच्या आधी — पिट्सबर्गहून मुलाखतीचं बोलावणं.

मी मेल उघडून बघितली. माझी नव्हती. कचऱ्याच्या फोल्डरमध्येही बघितलं. तिथेही नव्हती.

तिळगूळ घेतला, गोड बोलले. रात्री जेवले नाही, पोट दुखतंय म्हटलं. आईने ओवा दिला.

१८ जानेवारी

तिच्या खोलीवर नेट टिकत नाही. आमच्याकडे बाबांशी बोलता यावं म्हणून घेतलेलं चांगलं कनेक्शन. आईने परस्पर सांगून टाकलं — मुलाखत इथूनच दे गो, मनूच्या टेबलावरून.

माझ्या टेबलावरून!

२२ जानेवारी

संध्याकाळी साडेसातला. वेदिका माझ्या खुर्चीत, माझा दिवा तोंडावर, आईची साडी मागे पडद्यासारखी टांगलेली. मी आणि आई स्वयंपाकघरात, दाराच्या फटीतून मला स्क्रीन दिसत होती. कुकर लावायचा नाही, शिटी होईल. आई पाण्याचं भांडंसुद्धा जपून ठेवत होती. मला वाटलं, एखादं भांडं पडावं. पडलं नाही. मी पाडलंही नाही, एवढं लिहून ठेवते.

तिघंजण होते पलीकडे. एक बाई बोलत होती. नमस्कार-चमत्कार झाले आणि पहिलाच प्रश्न: तुमच्या प्रोफेसरांनी लिहिलंय की तुमच्याबरोबर काम करणं कठीण आहे. मी भिंतीला टेकले. आलं, आलं! मग बाई म्हणाली, तुम्ही दुसऱ्याच्या प्लेटासुद्धा टाकायला लावल्या? का?

वेदिका बोलत सुटली. का टाकल्या, तापमान किती उतरलं असेल, त्या प्लेटांवरचे आकडे ठेवले असते तर न चालणारं औषध चालतं असं खोटंच दिसलं असतं, आणि हौसाबाईला डॉक्टरने तेच औषध दिलं असतं. मधला माणूस म्हणाला, आलेखाचं सांगा. मग जेटीचं सांगा. एकेक करून माझीच वाक्यं! मी विष म्हणून घातलेली. आणि ती माणसं पुढे सरसावून ऐकत होती, हसत होती. शेवटी बाई म्हणाली, आम्ही शेकडो पत्रं वाचतो, सगळ्यांत सगळेजण मेहनती आणि नम्र असतात. तुमच्या प्रोफेसरांनी तुमच्याकडे खरंच बघितलंय.

करायला गेले काय आणि झालं काय!

संपल्यावर वेदिका स्वयंपाकघरात आली. मला म्हणाली, "तू असं लिहिलंस होय गो?" मी ओटा पुसत राहिले. ती हसली आणि पाणी मागितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. आईने कुकर लावला.

१० फेब्रुवारी

दोन नकार. एकाच दिवशी. "अर्जदार फार उत्तम होते, परंतु..."

१७ फेब्रुवारी

आणखी दोन.

आई म्हणते, देवीने होणार म्हणून सांगितलंय, कधी ते कुठे सांगितलं? आईशी वाद घालण्यात अर्थ नाही. देवीशी तर नाहीच.

२६ फेब्रुवारी

वेदिकाला पिट्सबर्ग मिळालं. पाच वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती.

लॅबमध्ये पेढे. सगळे माझ्याकडे बघत होते, मला कसं वाटतंय म्हणून. मी दोन पेढे खाल्ले.

तिचा फोटो आता कॉलेजच्या फळ्यावर लागेल. केळशीला बॅनर लागेल. मीच लावला म्हणायचा तो, माझ्या हाताने! दुसऱ्याच्या वाटेवर खड्डा खणावा आणि त्यातून त्याच्या परसाला विहिरीचं पाणी लागावं, तशी गत. आणि हे कुणाला सांगताही येत नाही. तक्रार तरी काय करू? की माझा डाव फसला?

४ मार्च

शेवटचा नकार आला. पाच नकार. सहावं विद्यापीठ म्हणतं, यंदा पैसे नाहीत, जागाच भरत नाही. म्हणजे नकारच.

दुपारभर एकच गोष्ट डोक्यात. माझे मार्क जास्त. माझं इंग्रजी चांगलं. काम तेच. सर तेच. मग फरक कशात? पत्रात. म्हणजे तिने माझं वाईट लिहिलं! मी जे केलं तेच तिने केलं, आणि माझ्यापेक्षा सफाईने केलं. सरांनी हसल्याचं सांगितलं नव्हतं ते उगीच नाही. मला हायसंच वाटलं म्हणा ना. फिट्टंफाट.

५ मार्च

तिच्या खोलीवर गेले. ती कपडे वाळत घालत होती. मी सरळच विचारलं. "माझं काय लिहिलंस तू?"

ती म्हणाली, आधी आत तरी ये. मी पुन्हा विचारलं, आवाज चढला माझा. खालून घरमालकीण बघायला आली. वेदिका मला आत घेऊन गेली, दार लावलं, आणि पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. तिला पाठच होतं, चार दिवस लिहीत होती म्हणाली. मनस्वी अत्यंत मेहनती आहे. मनस्वी नम्र आणि आज्ञाधारक आहे. वरिष्ठांचा शब्द तिने कधी मोडला नाही. तिचं चारित्र्य उत्तम आहे. तिचं अक्षर सुंदर आहे. तिच्या हातून चूक होत नाही. अशी विद्यार्थिनी मिळणं हे कुठल्याही विभागाचं भाग्य.

दोन पानं. नुसतं सोनं. आणि त्यात मी कुठेच नाही. वाड्यावस्त्यांतल्या कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही पोरीला ते पत्र लागू पडेल.

तिला रडू येत होतं. म्हणाली, "मी तुझ्याबद्दल एकही वाकडा शब्द लिहिला नाही गो. मला सुचलाच नाही."

मी तशीच निघाले. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, ओढणी तिच्याकडेच राहिली. मला प्रेमाने बुडवलं तिने, आणि तिला मी जळून तारलं. ह्यात रागवायचं कुणावर?

तरी राग आलाय. तिच्यावरच आलाय.

२९ मे

व्हिसाच्या मुलाखतींच्या तारखाच मिळेनाशा झाल्यात म्हणे. वेदिका रोज सकाळ-संध्याकाळ बघते. काही नाही.

मला आनंद झाला. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, पण झाला. दिवसभर आंब्याच्या पेट्या भरायला मदत केली, गवत टाकताना गाणं म्हणत होते. आईने विचारलं, आज काय विशेष?

३ जुलै

मिळाली तिला तारीख.

६ ऑगस्ट

वेदिका गेली. स्टेशनवर तिचे आईवडील, काका, केळशीची निम्मी आळी. तिची आई माझे हात धरून रडली. तुझ्यामुळे झालं बाय, म्हणाली. तिने त्यांना सांगितलंय की शिफारस मी लिहिली. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय.

गाडी यायच्या आधी वेदिका मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली की पुढच्या वर्षी परत टाक. मी "बघू" म्हटलं. तिचा हात मी सोडला नाही, की तिने माझा सोडला नाही, आता आठवत नाही. गाडी सुटल्यावर मला जे वाटलं त्यात सुटका किती आणि दुःख किती, तेही मोजता येत नाही.

१९ ऑगस्ट

लॅब ओस. कुणी वाद घालत नाही. आज रीडिंग घेताना एक आकडा मला खटकला. सगळे म्हणाले, चालतंय. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून.

मग मीच बोलले. पुन्हा घेतली रीडिंग. चूकच होती.

१४ ऑक्टोबर

परत अर्ज करतेय. आईने नुसतं हं म्हटलं, जशी काही तिला देवीकडून आधीच बातमी होती.

सरांना म्हटलं, ह्या खेपेला माझं पत्र मीच लिहिते. लिहिलं. त्यांनी वाचलं आणि परत दिलं. "आरती," म्हणाले. खरंच होती. स्वतःचा एक दोष लिहायला बसले तर पेन हलेना, आणि लिहिला तो असा की "मी फार परिपूर्णतेचा आग्रह धरते." शी!

सर म्हणाले, वेदिकाला सांग लिहायला. मी म्हटलं, तिचं एकदा झालंय लिहून. दोन महिन्यांत तिला फोन केलेला नाही. तिचे फोटो मात्र रोज बघते. तिच्या लॅबमध्ये खिडकीपाशी कोण बसतं, तिच्या बाकावर कितवी प्लेट कशी ठेवलीय, ती नवा कोट घालते पण बाह्या अजून तशाच दुमडते, हे सगळं मला ठाऊक. तिला ठाऊक नसेल की मला ठाऊक आहे.

२१ नोव्हेंबर

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांनीच तिला कळवलं होतं. तिने पत्र लिहून पाठवलंय, सरांच्या नावाने. सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिचं इंग्रजी, माझ्या मराठीत उतरवते:

"मनस्वी हेवेखोर आहे. शेजारच्या टेबलावर काय चाललंय हे तिला स्वतःच्या टेबलाइतकंच माहीत असतं. माणसाला स्वतःची जी चूक दिसत नाही ती हिला दिसते, आणि ती विसरत नाही. तिने एकदा तिच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीबद्दल रागाने, तिला खाली ओढण्यासाठी लिहिलं. त्या मैत्रिणीने ते ओळखलं. पण त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. इतका राग असतानाही जिला खोटं लिहिता येत नाही, तिच्या हातात मी माझे आकडे डोळे मिटून देईन."

सरांनी विचारलं, हे असंच पाठवू?

मी म्हटलं, पाठवा.